बलकाची वाटी

"काकी, सकाळपासून काही खाल्लंय का?"

लॅबचा माणूस अण्णांच्या दंडाची पट्टी सोडत विचारत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

"न्हाई वो, खाल्लं कुठलं," ती म्हणाली. "उपिटाचं मीठ तेवढं बघितलं. आणि घोटभर च्या. साखरेची गोळी घ्यायची तर पोटात कायतरी लागतंच की."

मग आज कोलेस्टेरॉलचं रक्त घेऊन उपयोग नाही, असं तो माणूस म्हणाला. रात्रीपासून पोट रिकामं लागतं. अण्णा खुर्चीत रेलून हसले. हिचं दर वेळी असंच असतं, हिचं पुढच्या खेपेला घे, पण माझा रिपोर्ट काही झालं तरी संध्याकाळपर्यंत पाहिजे, उद्या स्टेजवर वाचायचा आहे, असं त्यांनी त्याला बजावलं.

मी आदल्या संध्याकाळी रत्नागिरीहून कराडला आले होते, ती या स्टेजसाठीच. अण्णा रोज पहाटे प्रीतिसंगमावर फिरायला जात. तिथल्या फिरणाऱ्या मंडळींनी एक मंडळ काढलं होतं आणि त्या मंडळाने अण्णांना 'आरोग्यभूषण' ठरवलं होतं. सात वर्षांपूर्वी अण्णांच्या छातीत कळ आली होती, तेव्हा साखर वाढलेली निघाली, रक्तातली चरबी तर त्याहून. त्यातून ते उठले आणि मंडळात सगळ्यांत ताठ चालू लागले, याचा तो सत्कार होता. नगरपालिकेत ते आरोग्य निरीक्षक होते. कुठल्या हॉटेलात शिरून किती नासलेलं दूध गटारात ओतलं, हे सांगायला लागले की त्यांचा आवाज अजूनही खणखणीत व्हायचा.

साखर आईलाही होती, अण्णांच्या आधीपासून. पण अण्णांच्या साखरेभोवती सगळं घर फिरायचं आणि आईच्या साखरेच्या वाट्याला फडताळातली गोळ्यांची एक डबी आली होती. आई सोमवार धरायची, चतुर्थी धरायची, नवरात्रात एक वेळ जेवून राहायची. असल्या बाईला उपाशीपोटी रक्त देणं जमू नये, हे ऐकूनच मला कसंसं झालं. जमणार कसं? रक्त द्यायच्या दिवशी अण्णाही उपाशी असायचे आणि दंडातली सुई निघाली की त्यांच्यापुढे नाष्ट्याची ताटली यावी लागायची. त्या ताटलीतलं मीठ बरोबर आहे का, हे कुणीतरी चाखून बघायलाच हवं होतं.

लॅबचा माणूस जिना उतरला आणि आईने उकडलेली अंडी सोलायला घेतली. सुरीने प्रत्येक अंडं मधोमध कापून बलक अलगद काढला, पांढरं तेवढं अण्णांच्या ताटलीत उपिटाशेजारी मांडलं, वर मिरपूड टाकली. अण्णांच्या दुधाच्या पातेल्यावरची साय तिने आधीच एका भांड्यात काढून ठेवली होती. ताटली बाहेर गेली. मग ती कट्ट्याला टेकून खाली बसली, सगळे बलक एका स्टीलच्या वाटीत कुस्करले, त्यावर तिखट-मीठ भुरभुरलं आणि रात्रीच्या भाकरीशी खाऊ लागली. भाकरीला साय लावलेली होती.

"आई, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काय म्हंजे? न्याहारी."

"तुलापण साखर आहे ना? आणि रक्तातली चरबी कुणी बघितलीय तुझी?"

"माझी साखर बारीक हाय गं. आणि हे टाकायचं का मग? कोंबडीनं काय ह्यास्नी पांढरं आणि मला पिवळं असं वेगळं घातलंया?" ती हसली. "रविवारच्या रश्श्यावरचा कट काढून ठेवते, त्योबी मीच खाते. एवढा सोन्यासारखा कट, मोरीत वतायचा व्हय?"

ते पथ्य कागदावर अण्णांचं होतं, पण त्यांच्यासाठी वगळलेलं सगळं एका माणसाच्या पोटात जात होतं. वर ती हे इतक्या समाधानाने सांगत होती की राग कुणावर काढावा तेच मला कळेना. बाहेर अण्णा पांढरं अंडं चावत पेपर वाचत होते. त्यांच्या कानावर यातलं काही गेलं असेल असं वाटलं नाही, आणि गेलं असतं तरी त्यात ऐकण्यासारखं काय आहे असंच त्यांना वाटलं असतं.

दुपारी आम्ही दोघी मंडईत गेलो. उद्या स्टेजवर जायचं म्हणून आईला गजरा हवा होता. मी झपझप पुढे जात होते आणि ती दर गाळ्यापाशी थांबत होती. दोडक्याचा भाव विचारला, घेतला नाही. पुढच्या गाळ्यावर आल्याचा विचारला, तेही घेतलं नाही. मग लिंबं, मग कांद्याची पात. म्हातारपणी ही चिकट झाली की काय, असं मनात येऊन मी मागे वळून पाहिलं. भाव विचारून झाल्यावर ती उत्तराकडे लक्षच देत नव्हती. एक हात गाळ्याच्या फळीवर टेकवून ती दम घेत होती. कपाळावर घाम होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"आई, बस बघू इथं."

एका बंद दुकानाच्या पायरीवर मी तिला बसवलं. ती जबड्यावरून हात फिरवत होती.

"पित्त झालंय. आन् दाढ ठणकतीया जरा. चाललं की ठणकती, बसलं की थांबती."

चालल्यावर दुखणारी आणि बसल्यावर थांबणारी दाढ मी कधी ऐकली नव्हती. मी रिक्षाला हात केला आणि सरळ दवाखान्यात चल म्हणाले. तिने माझं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता, पण सुटता येईना.

"वैजू, ह्यांचा सत्कार हाय उद्या. सात वर्सं ह्यांनी जिभंवर दगड ठेवलाय. आज जर दवाखान्यात घालून बसलीस तर ह्यास्नी ऐन दिवशी घोर. माझी शप्पथ हाय तुला. उद्याचा दिस जाऊ दे, मग म्हणशील तिथं येते."

घरी आल्यावर मी शपथ बाजूला ठेवली आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून मला समजावलं. तिला काही झालेलं नाही, तिला पित्ताचा त्रास जुना आहे, सोडा घेतला की जातो. आणि तिला जर काही असतं तर ती दिवसभर अशी उभी राहिली असती का? उद्या कार्यक्रम होऊ दे, परवा बघू. शिवाय उद्याच्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर कणसे आहेत, हृदयाच्या मोठ्या डॉक्टर, हवं तर त्यांच्या कानावर घालू, असं म्हणून ते भाषणाचा कागद काढून बसले. आतल्या खोलीतून आई मला हातानेच गप्प बस म्हणून खुणावत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डॉक्टर कणसेंचं नाव मी पक्कं धरून ठेवलं. दवाखान्यात न येणारी आई उद्या त्यांच्यासमोर बसणार होती आणि त्यांनी तिला तपासल्याशिवाय मी कुणाला हॉलबाहेर सोडणार नव्हते.

हॉल भरला होता. पांढरे बूट घातलेली मंडळाची माणसं, मागच्या रांगांत त्यांच्या बायका. डॉक्टर कणसे येताच मी त्यांना गाठायला पुढे झाले, पण मंडळाच्या अध्यक्षांनी, शिंगटे सरांनी, त्यांना हार-तुऱ्यांच्या गराड्यात थेट स्टेजवर नेलं. मी पहिल्या रांगेत आईजवळ बसले. तिने अबोली रंगाची साडी नेसली होती, गजरा माळला होता आणि ती नाकाऐवजी तोंडाने श्वास घेत होती.

अण्णा उत्तम बोलले, हे मला आजही कबूल केलं पाहिजे. हॉटेलांवरच्या धाडी झाल्या, छातीतली कळ झाली, मग ते शिस्तीवर आले.

"लोक म्हणतात, साखर आटोक्यात आली की झालं. नाही. साखरेचा रोग रक्तवाहिन्या खरवडतो आणि चरबी तिथंच जाऊन बसते. म्हणून साखरेइतकीच चरबीवर नजर पाहिजे. मंडळी, सात वर्षांत अंड्यातला बलक मी जिभेला लावलेला नाही. दुधावरची साय नाही. रश्श्यावरचा कट नाही. आणि हा कालचा रिपोर्ट."

त्यांनी आकडे वाचले. टाळ्या पडल्या. शेजारी आईही टाळ्या वाजवत होती.

मग शिंगटे सरांनी तिला वर बोलावलं. नारळ आणि साडी द्यायची होती. स्टेजला दोन-तीनच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर ती थांबली, पदर सारखा केला. दुसरीवर थांबली, पुन्हा पदर सारखा केला. खालून बघणाऱ्यांना वाटलं, किती साधी बाई, लाजतेय. वहिनींनी दोन शब्द बोलावेत, असं सर म्हणाले. तिने मान हलवली. मग निदान मुलीने तरी बोलावं, असं ते म्हणायच्या आत मी वर जाऊन माईक हातात घेतला होता.

"मला भाषण करायचं नाही," मी म्हणाले. "अण्णांना एक विचारायचंय. अण्णा, तुम्ही सात वर्षांत बलक खाल्ला नाही. मग तो गेला कुठं?"

हॉलमध्ये हशा पिकला. अण्णाही दिलखुलास हसले. "आता ते मला काय ठाऊक? तुझ्या आईचं खातं आहे ते, तिला विचार."

मी माईक आईपुढे धरला. ती गोंधळली, पण उत्तर सोपं होतं.

"मी खाते की. अन्न टाकायचं व्हय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अगदी मागच्या रांगेतल्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या.

"आणि साय?"

"मीच."

"रश्श्यावरचा कट?"

"त्योबी मीच. मोरीत कसा वतायचा?"

पुन्हा टाळ्या. शिंगटे सर दुसऱ्या माईकवरून म्हणाले की, मंडळी, याला म्हणतात संसार, अशी गृहलक्ष्मी ज्याच्या घरी त्याला आजार काय करणार. एका बाईला तिच्या नवऱ्याचं विष काढून दिलं जात होतं, ती ते आवडीने चाटूनपुसून खात होती आणि भरलेला हॉल तिच्यासाठी टाळ्या पिटत होता. त्या टाळ्या अजून कानात आहेत. आजही कुणी एखाद्या बाईचं नवऱ्याला किती जपते म्हणून कौतुक करायला लागलं की मी तिथून उठते.

"अजून एकच," मी म्हणाले. "आई, तुमच्या दोघांत साखर कुणाला आहे?"

"दोघास्नीबी हाय की," आई म्हणाली. "मला आधी झालीया."

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. दोन-तीन जणांनी हात जुळवले आणि तसेच मांडीवर ठेवले. अण्णा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या अंगावरची सत्काराची शाल ओढून घेतली आहे.

डॉक्टर कणसेंनी एकदाही टाळ्या वाजवल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी हातातला गुच्छ टेबलावर ठेवला, स्वतःची खुर्ची आईमागे सरकवली आणि तिला बसवून मनगट धरलं. चालताना काय होतं, हे त्यांनी हळू आवाजात विचारलं. आईने पित्त सांगितलं, दाढ सांगितली. डॉक्टरांनी आणखी काही विचारलं नाही. सत्कार त्यांनी तिथंच सोडला आणि आपल्याच गाडीत घालून आईला दवाखान्यात नेलं. पुढे बसलेल्या अण्णांच्या मांडीवर त्यांचं मानपत्र होतं. ते ठेवायला त्यांना जागा सापडली नव्हती.

कार्डिओग्राम निघाला, सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवरून फिरवून हृदयाचा ठोकाही बघून झाला. डॉक्टर कणसेंनी आम्हाला आईच्या कॉटपाशीच बोलावलं. हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्या असणार, लगेच आतून तपासून उपाय करायला हवा, असं त्या म्हणाल्या.

"आणखी एक आहे. यांना हार्ट अटॅक येऊन गेलेला आहे. आत्ता नाही. काही महिने झाले असावेत."

"शक्यच नाही," अण्णा म्हणाले.

"साखर असणाऱ्यांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. बायकांमध्ये तर दम लागणं, मळमळ, जबडा दुखणं एवढंच. काकी, आठवतंय का काही? जास्तच पित्त झालं होतं असा दिवस?"

आईने छताकडे बघत आठवलं. "गौरी जेवायच्या आदल्या दिवशी लई उसळलं होतं. घामानं पातळ भिजलं. पहाटं भिंतीला टेकून बसले जरा. मग गेलं."

"पण त्या दिवशी ती उठली होती," अण्णा म्हणाले. ते मनापासून पुरावा देत होते. "मला चांगलं आठवतंय. माझा नाष्टा वेळेवर झाला होता."

अण्णांनी एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरांकडे बघितलं, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते स्टुलावर बसले.

चरबी कमी करायची गोळी कधी कुणी दिली होती का, असं डॉक्टरांनी आईला विचारलं.

"दिली होती की पहिल्यांदा. ह्यांच्यासारखीच, रंगबी त्योच. ह्यांची पाकिटं संपली की माझ्यातली द्यायची. मग म्हटलं, ह्यास्नी खंड नको. माझी सगळी ह्यांच्याच डब्यात टाकली. माझी साखर बारीक होती."

डॉक्टर म्हणाल्या, साखर बारीक असो की मोठी, ती गोळी तुमच्यासाठीच होती, रिपोर्ट बरा असता तरी तुम्हाला ती घ्यावी लागली असती. एखादा बलक कधी खाल्ला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण दोन माणसांची साय, दोघांचा कट, दोघांचे बलक एकटीने वर्षानुवर्षं खायचे आणि वर गोळी दुसऱ्याला द्यायची, याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. त्या शांतपणे बोलत होत्या, पण रागावलेल्या होत्या. त्या घटकेला माझ्या बाजूने रागावलेलं ते एकच माणूस होतं आणि मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

आईची नळी मोकळी केली, जाळी बसवली आणि ती घरी आली. घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी तिचं अंथरूण झटकत असताना स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. आत गेले तर अण्णा कट्ट्यापाशी उभे. गॅसशी त्यांचा त्या दिवसापर्यंत संबंध नव्हता. त्यांनी अंडी उकडली होती, सोलताना निम्मी फोडली होती आणि दोन ताटल्यांत पांढरं अंडं सारखं वाढलं होतं, मिरपूडसुद्धा टाकली होती. त्यांच्या हातात ती स्टीलची वाटी होती, बलकांनी भरलेली. ती धरून ते इकडे तिकडे बघत होते.

"वैजू," ते म्हणाले, "ह्याचं काय करायचं असतं?"

ज्या माणसाने नासलेलं दूध म्हणून लोकांची पातेलीच्या पातेली गटारात ओतली, तो आपल्या घरातली एक वाटी हातात घेऊन मला विचारत होता. मला त्यांची कीव आली नाही. हा प्रश्न सात वर्षांत एका सकाळी जरी त्यांनी विचारला असता तर पुरे होतं.

"आणा हिकडं," कॉटवरून आईचा आवाज आला. आवाज अजून क्षीण होता. "थोडं तिखट-मीठ टाका आणि आणा. वाया नगा घालवू."

आणि अण्णा खरंच निघाले. तिखटाच्या डब्याकडे हातही गेला होता त्यांचा.

मी त्यांच्या हातातून वाटी घेतली, आईला दिसेल अशा बेताने दारात आले आणि तिथल्या केराच्या डब्यात पालथी केली. त्या घरात अन्न टाकणारी मी पहिलीच. बलक केरावर पडले, एक घरंगळत भिंतीपाशी गेला, तोही मी उचलून आत टाकला.

आई कोपरावर उठून बसली होती. दवाखान्यात, सुया टोचताना, जाळी बसवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आता आलं.

"अन्न हाय ते," ती म्हणाली. "पाप लागतं, वैजू."

"लागू दे," मी म्हणाले. "मला लागू दे."

मग तिची ताटली तिच्या मांडीवर ठेवली आणि तिचं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिले.